पुडीत गेलेले शेवट

पेटी अजून माझ्या खोलीतच आहे, पलंगाच्या पायथ्याशी. झाकण उचललं की आधी हिंगाचा वास येतो, मग हळदीचा, आणि त्या दोघांच्या मागून जुन्या कागदाचा गोडसर, कुबट वास. एकदा तो नाकात शिरला की माणूस कामाचा राहत नाही. गेल्या महिन्यात भावाने आमचं तळोद्याचं किराणा दुकान पाडून नव्याने बांधायला काढलं. ‘तुझं काय असेल ते घेऊन जा, नाहीतर भंगारवाला नेईल,’ असा त्याचा निरोप आला, आणि मी जाईन-जाईन म्हणेपर्यंत एका दुपारी पेटीच रिक्षातून दारात येऊन पडली. मी नुकतीच शाळेतून आले होते. पाय भरून आलेले, टेबलावर सहावीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आणि डोक्यात फक्त आडवं व्हायचा विचार. तरी पेटी उघडलीच. आत काय आहे ते मला ठाऊक होतं. चाळीसेक चित्रकथा, हिंदीतल्या, भडक रंगांच्या. उडणाऱ्या, आगीत शिरणाऱ्या, छातीवर चिन्हं मिरवणाऱ्या वीरांच्या. आणि त्यातल्या एकीलाही शेवट नाही.

शेवट नसण्याचं कारण अगदी साधं होतं. आमच्या दुकानात सुरतेहून रद्दीचे गठ्ठे यायचे आणि त्या रद्दीत वडील पुड्या बांधायचे. त्यांच्या उजव्या हाताला रद्दीची चळत, डोक्यावर टांगलेलं दोऱ्याचं रीळ. गिऱ्हाइकाने ‘गूळ’ म्हणेपर्यंत यांचा हात कागद ओढून मोकळा झालेला असायचा. हाताला पुस्तक लागलं तर ते मागून फाडायचं, अशी आमच्याकडची रीत; पुढून फाडलं की शिवण उसवते आणि उरलेली पानं दुकानभर उडतात. त्यामुळे आमच्या दुकानात प्रत्येक गोष्ट शेवटाकडून संपत यायची. मी शाळेतून धावत यायचे ती उरलंसुरलं वाचवायला. कधी अर्धं पुस्तक हाती लागायचं, कधी नुसती दोन-चार पानं, पण नशीब चांगलं असलं की फक्त शेवटचं पान गेलेलं असायचं. वडील गिऱ्हाइकांपुढे कौतुकाने म्हणायचे, “आमनी पोर पुडीबी वाचस.” गिऱ्हाईक हसायचं. बाजाराच्या दिवशी बरंचसं गिऱ्हाईक सातपुड्यातून उतरलेलं. चारोळी, मोहाची फुलं, डिंक घेऊन यायचे. मीठ, गूळ, चहा घेऊन जायचे. म्हणजे माझ्या गोष्टींचे सगळे शेवट गुळाला चिकटून डोंगरात निघून जात होते, आणि मी खाली बसून ते मनाने रचत होते.

या सगळ्या वीरांमध्ये माझा लाडका एकच होता. पुस्तकात त्याचं नाव फार गडगडाटी होतं. आम्ही त्याला नुसतं ‘राखवाला’ म्हणायचो. एका कारखान्याच्या आगीतून तो वाचला, आणि तेव्हापासून आग त्याला शिवेना. जळत्या घरात शिरायचा, पेटलेली तुळई हाताने उचलायचा, माणसं बाहेर काढायचा. फक्त त्याच्या हातांवरची राख कधी जायची नाही. ज्याला वाचवायचा त्याच्या अंगावर त्याच्या पंजाचा राखाडी ठसा उमटायचा. आणि वाचलेली माणसं सगळ्यात आधी काय करायची, तर तो ठसा धुऊन टाकायची. घर जळालेलं, पोर जेमतेम हाती लागलेलं, आणि बाई मनगट पुढे करून उभी. दुसरी कोणी तिच्या मनगटावर उंचावरून लोट्याने पाणी ओतते आहे. मागे रस्त्याच्या टोकाला तो पाठमोरा चाललेला. हे चित्र पाहून मी ढसाढसा रडले होते. आमच्या घरी ज्या राखेने भांडी घासून पवित्र करायची, त्याच राखेचा त्या शहराला विटाळ! मला त्या माणसांचा असा संताप यायचा की विचारू नका. अकरा-बारा वर्षांच्या मुलीला जेवढा न्याय कळतो तेवढा सगळा मला त्या चाळीस पानांनी शिकवला, असं मी पुढे कितीतरी वर्षं अभिमानाने सांगत असे.

‘आम्ही’ म्हटलं ते तिला धरून. ती माझ्या वर्गात होती, मोलगीकडची, पावरा आदिवासी घरातली. मुलींच्या वसतिगृहात राहायची. घरची बोली वेगळी, शाळेची मराठी वेगळी, आणि आमची बाजारातली अहिराणी तिने वर्षभरात अशी उचलली होती की मी मारवाडी घरातली पोर तिच्याकडून शब्द शिकायचे. मधल्या सुट्टीत चिंचेखाली बसून मी तिला चित्रकथा दाखवत होते, तेव्हा राखवाल्याचं चित्र बघून ती एकदम म्हणाली, “हाऊ मानूस आमना घरनी भितवर शे.” मला वाटलं, थापा मारते. मग तिने नीट सांगितलं. त्यांच्या घराच्या भिंती कुडाच्या. थंडीत फटींतून वारं येतं म्हणून तिची आई गुळाच्या, चहाच्या पुड्यांचे कागद खळीने भिंतीला चिकटवते. त्यात हा आहे, चुलीच्या वर. माझ्या पुस्तकाचं शेवटचं पान माझ्याच वडिलांच्या हातून सुटून, घाट चढून तिच्या भिंतीवर गेलं होतं, आणि ती ते रोज भाकरी खाताना बघत होती. मी तिचा हात घट्ट धरला आणि विचारलं, शेवटी लोक त्याला हार घालतात ना?

ती मान हलवून म्हणाली, “हार-बीर काही नही व. तो नदीवर बसीसन हात धोई ऱ्हायना.”

मला ते मुळीच पटलं नाही. चाळीस पानं माणसाने आगीत उड्या मारायच्या आणि शेवटी हात धूत बसायचं? मी म्हटलं, ते मधलं पान असेल, त्याच्यापुढे आणखी एक असेल, त्यात मिरवणूक असेल, शहरातली सगळी माणसं माफी मागत असतील. ती म्हणाली, पुढे काही नाही, खाली ‘समाप्त’ लिहिलं आहे. आम्ही चार दिवस भांडलो. शेवटी तीच कंटाळून म्हणाली, “होळीले घर जासू, तवय लयसू. मंग तूच देख.” होळीला डोंगरातली सगळी माणसं घरी जातात, वसतिगृह ओस पडतं. ते आठ दिवस मी मोजून काढले.

ती आली ती भर दुपारी. जीपमधून उतरून वसतिगृहावर न जाता थेट दुकानामागच्या आमच्या घरी, तीही पहिल्यांदाच. केस धुळीने पांढरे झालेले, ओठ सुकलेले, काखेत वही. ओट्यावरूनच तिने वही उंच करून दाखवली आणि हसली. ओल्या फडक्याने भिजवून, नखाने सोडवत तिने ते पान भिंतीवरून काढलं होतं. एक कोपरा तरी फाटलाच, म्हणाली, आणि आई ओरडली. मला आनंद मावेना. म्हटलं, “बठ, पानी लई येस,” आणि आत धावले. माठातून लोटा भरला. परत येताना दाराशेजारच्या कोनाड्यातून जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, पेला उचलला, तिच्या हातात दिला आणि वरून, लोटा पेल्याला लागणार नाही इतक्या वरून, त्यात पाणी ओतलं. माझं सगळं लक्ष त्या वहीकडे होतं.

तो पेला कोनाड्यात उपडा ठेवलेला असायचा. डोंगरातून आलेल्या गिऱ्हाइकांसाठी होता तो. त्यांनी प्यायचं, विसळायचं आणि परत उपडा घालायचा. आत स्वयंपाकघरात पितळेचे, स्टीलचे वीस पेले होते, आणि त्यातला एक उचलायला मला दोन पावलंही जास्त चालावं लागलं नसतं. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, खरंच सांगते. ‘यांना यात द्यायचं’ असं वाक्य आमच्या घरात कधी उच्चारल्याचं मला आठवत नाही. माझी आई मुंगीला पाय लागू नये म्हणून खाली बघून चालणारी बाई. पण हात बघत असतात आणि हात शिकतात.

ती पाणी प्यायली. सगळं प्यायली, तहान होतीच. मग ओट्याच्या कडेला पेला विसळला आणि स्वतःच उठून कोनाड्यात उपडा घातला. तिला रीत माझ्याइतकीच ठाऊक होती. वही पुन्हा काखेत मारली. मी म्हटलं, पान? तर म्हणाली, “मंग दावसू,” आणि निघून गेली. मी उन्हात बघत राहिले. मला वाटलं, प्रवासाने दमली असेल. इतकी मी भाबडी होते. किंवा भाबडी हा शब्द मी स्वतःला फार स्वस्तात देते आहे.

कळलं ते पाच-सहा दिवसांनी. ती वर्गात दुसऱ्या बाकावर बसू लागली होती, मी रुसले होते, आणि रुसवा घालवायला तीच चित्रकथा पुन्हा काढून बसले होते. ते मनगट धुणाऱ्या बाईचं चित्र आलं. पाणी ओतणारी दुसरी बाई कोपऱ्यात, तिचा चेहराही दिसत नाही, नुसता हात आणि उंच धरलेला लोटा. मी त्या हाताकडे बघत राहिले. तो मला ओळखीचा वाटला. त्यानंतर मी तिच्याशी बोलायचं धैर्य गोळा करीत होते, उद्या बोलू, परवा बोलू, तोवर परीक्षा आली, आणि पुढच्या वर्षी ती दुसऱ्या शाळेत गेली. पान राहिलंच.

तेव्हापासून चित्रकथांविषयी माझं एक मत झालं आहे, आणि ते मी शिक्षकांच्या कुठल्याही प्रशिक्षणात बोललेले नाही, कारण तिथे असं बोलायचं नसतं. वाचणारा नेहमी वीराच्या खांद्यावर बसून गोष्ट बघतो. खरी गोम तिथे आहे. त्या शहरातली दगड मारणारी, तोंड फिरवणारी, हात धुणारी माणसं कोणीतरी दुसरीच असतात. राखवाल्यासाठी मी रडले ते खोटं नव्हतं. पण रडताना मी स्वतःला कधी लोटा धरलेल्या बाईच्या जागी पाहिलं नाही, आणि ती गोष्ट तर तिच्यासाठीच लिहिलेली होती. शिकवण होती, चोख होती, पण ती मला लागू पडते हे कळायला आधी एक मैत्रीण गमवावी लागली.

आता मी तीस वर्षं शिकवते आहे. मूल्यशिक्षणाच्या तासाला राखवाल्याची गोष्ट दरवर्षी सांगते. मुलांचे डोळे अजून भरतात. ‘या गोष्टीतून तुम्ही काय शिकलात?’ असं विचारलं की सगळे हात वर. ‘कोणाशीही भेदभाव करू नये.’ अक्षर सुरेख, उत्तर बरोबर, पूर्ण गुण. आणि मग खिचडीची सुट्टी होते आणि तीच मुलं आपापल्या रांगांत जाऊन बसतात. वसतिगृहाची इकडे, गावातली तिकडे, मध्ये एक ताट मावेल एवढी जागा. कोणी सांगितलेलं नसतं. सुरुवातीला मी उठवून मिसळून बसवायचे. ती बसायचीसुद्धा, मी पाहत असेपर्यंत. आता बऱ्याचदा मी नुसती बघते आणि माझा डबा उघडते. दमणं म्हणतात ते हेच असावं. भावाच्या दुकानात, ते पाडेपर्यंत, कागदी कप होते, सगळ्यांना सारखे. ‘बघ, गेला ना भेद!’ असं तो मला चिडवतो. मी त्याच्याशी वाद घालत नाही. तेवढी ताकद तरी राखून ठेवावी.

पण त्या दुपारी, पेटी आली त्या दुपारी, टेबलावरचा गठ्ठा शेवटी हातात घेतला. गोष्टीला शेवट नसल्यामुळे मी मुलांना तो स्वतःच लिहायला सांगते, आणि तीस वर्षं मुलं हार घालत आली आहेत. मीच घातला होता, त्यांना काय म्हणू! एकामागून एक हार, मिरवणुका, मंत्र्यांच्या हस्ते सत्कार. आणि एका उत्तरपत्रिकेत वेड्यावाकड्या अक्षरात दोनच ओळी: ‘मग तो नदीवर गेला. बसून हात धुऊ लागला.’

लाल पेन खाली ठेवून मी वरचं नाव पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला बोलावून विचारलं, हे तुला कोणी सांगितलं? मुलगी घाबरली, चुकलं वाटलं तिला. म्हणाली, आमच्याकडच्या सिस्टरबाई सांगतात, सुई टोचताना, पोरं रडू नयेत म्हणून. सिस्टरबाई कोण, हे मला नाव न विचारताही कळलं होतं.

रविवारी त्या मुलीच्या गावच्या जीपमध्ये बसले. पिशवीत ती शेवट नसलेली चित्रकथा. घाटात दोनदा वाटलं, उतरावं आणि परतीच्या जीपला हात करावा. या वयात, गुडघे असे असताना, चाळीस वर्षांपूर्वीच्या एका पेल्यासाठी कोणी डोंगर चढतं का? आणि काय म्हणायचं होतं मला? ‘मला माफ कर’ म्हणून तिच्याकडून ‘जाऊ दे’ वदवून घ्यायचं होतं का? खरं तर तेच हवं होतं. तिने एकदा ‘जाऊ दे’ म्हणावं, म्हणजे मी सुटले, एवढाच माझा हिशेब.

सिस्टरबाईंचं घर विचारलं, लगेच सापडलं. सिमेंटचं, निळा रंग दिलेलं, भिंतींवर एकही कागद नाही. केस पिकलेले, चष्मा, अंगावर घरातला गाऊन. तिने मला ओळखायला थोडा वेळ घेतला, मग तोंडावर हात ठेवून “अय माय!” म्हणाली आणि खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. आतून स्टीलचा पेला भरून आणला. जीपची धूळ तोंडभर. मी पेला घेतला, मान मागे टाकली आणि उंचावरून घटाघटा पाणी घशात सोडलं.

ती बघत होती. हसून म्हणाली, “आजूनबी वरथीनच पेस का व?”

आमच्या घरात सगळेच पेल्याला ओठ न लावता पितात. सख्ख्या आईचा पेलासुद्धा कोणी उष्टा करत नाही. हे अगदी खरं आहे, आणि मी ते बोलायला तोंडही उघडलं होतं. पण त्या खुर्चीत बसून ते खरं बोलण्याची मला लाज वाटली. पेला टेबलावर ठेवला. त्यात निम्मं पाणी उरलं होतं. मग जे जीपमध्ये घोकलं होतं ते सगळं सोडून मी एकदम त्या दुपारचं बोलून टाकलं: कोनाडा, जर्मनचा पेला, उंच धरलेला लोटा, माझा वहीकडे लागलेला डोळा.

तिला राग आला नाही आणि कढही आला नाही. पदराने पुसावा तसा गाऊनच्या टोकाने चष्मा पुसला. म्हणाली, “तो पेला तं रोजना व्हता व. सगळा दुकानमा तसाच ऱ्हाये. त्यानं काय नवल? पन मले वाटेल व्हतं, तू ते पुस्तक वाचेल शे.”

मी ते पुस्तक वाचलं आहे असं तिला वाटलं होतं, एवढंच म्हणाली. ‘जाऊ दे’ म्हणाली नाही. मी पिशवीतून चित्रकथा काढून तिच्या हातात दिली. तिने ती उलटून मागची फाटकी कड बोटाने चाचपली. ते पान त्याच पावसाळ्यात वहीसकट भिजून गेलं, म्हणाली, पण तिला ते पाठ आहे. नदी, दगड, तो बसलेला, आणि पाण्यात हात. राख निघते आहे की नाही ते चित्रात दिसत नाही.

तेवढ्यात अंगणात कोणी बाई रडतं मूल घेऊन आली, आणि ती उठून बाहेर ओट्यावर गेली. मी एकटी राहिले. ओट्यावर मुलाचं रडणं, आणि त्यावरून तिचा सावकाश आवाज, तिच्या बोलीत. शब्द मला कळत नव्हते. पण ती काय सांगते आहे हे कळत होतं, आणि एका जागी तिने थांबून पाण्यात हात चोळल्यासारखा आवाज तोंडाने काढला तेव्हा शेवट आला हेही कळलं. मूल गप्प झालं होतं. मी टेबलावरचा पेला उचलला, कडेला ओठ लावले आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं. स्टीलची कड ओठांना किती गार लागते, हे पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा समजलं. रिकामा पेला हाताने आपोआप उपडा करायला घेतला होता. तो सरळ ठेवला.

ती आत आली, पेला रिकामा पाहून तिने विचारलं, आणखी आणू? मी नको म्हटलं. पाणी कसं प्यायले ते मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हार मागितल्यासारखं झालं असतं.